सगळं ओके

सोमवार, ३ मार्च

शेजारच्या विजयश्री काकू आज स्वतःच्याच घराबाहेर अडकल्या! सकाळी पावणेसात, आत गॅसवर दूध, हातात कचऱ्याची बादली. दाराला नवं कुलूप — बोट टेकवलं की उघडतं. बोटाला कणीक लागलेली, कुलूप काही ओळखेना. काकूंनी पदराला बोट पुसलं, फुंकर मारली, शेवटी दारालाच शिव्या घातल्या. मग माझ्याकडे. "दीक्षा, तू सॉफ्टवेअरवाली ना गं? उघड ना!"

काकू, सॉफ्टवेअरवाली आहे म्हणून तर माझ्या दाराला साधं पितळी कुलूप आहे.

चावीवाला आला. एक स्क्रू ड्रायव्हर, चार मिनिटं. चोरालाही तेवढीच लागणार! दूध करपलं. संध्याकाळी काकू म्हणतात, "पण दिसायला छान आहे हो."

लोकांना वाटतं, ही मंडळी सॉफ्टवेअर लिहितात म्हणजे यांचा त्यावर विश्वास असणार. सुतार स्वतःच्या खुर्चीत बसतो, मान्य. पण जिचा चौथा पाय शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला ठोकलाय, त्या खुर्चीत तो पाहुण्यालाच बसवतो.

बुधवार, ५ मार्च

आमचे मॅनेजर गणराज सर सकाळी हसत-खेळत ऑफिसात आले. साडेदहाला मनगटावरच्या घड्याळानं कळवलं की काल तुमची झोप नीट झालेली नाही. दुपारपर्यंत माणूस खरोखर आजारी! कपाळ दाबत बसले. मी म्हटलं, सर, घड्याळ काढा, बरं वाटेल. रागावले.

गुरुवार, ६ मार्च

धम्माची सुट्टी. त्याला चाकणच्या कारखान्याची गुरुवारची, मला तळवड्याच्या ऑफिसची शनिवार-रविवारची. एका घरात राहून सख्ख्या भावाशी नीट बोलायचं तर कॅलेंडर बघावं लागतं.

तीन वर्षं झाली, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर आहे. कंत्राटी. एप्रिलमध्ये पर्मनंटची पत्रं निघणार, यादीत त्याचं नाव आहे. आई त्या पत्राची अशी वाट बघते की मला हसूही येतं आणि भीतीही वाटते.

बाबाही प्रेसवरच होते, भोसरीला, एकोणतीस वर्षं. उजव्या हाताची तर्जनी अर्धीच. त्यांनी धम्माला एकच विद्या दिली — मशीनला काठी दाखवायची. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन थांबलं पाहिजे. आता ते थांबतं का, हे हात घालून विचारायचं नसतं. शिफ्टच्या सुरुवातीला आधी वेताची काठी आत घालायची, तीन वेळा. तिन्ही वेळा प्रेस थांबली तर मग हात. बाबांची तीच काठी धम्मा डब्याच्या पिशवीतून नेतो.

सोमवारपासून त्याच्या कंपनीत आमचं ॲप लागतंय. "अख्ख्या लाईनला सांगून ठेवलंय, माझ्या ताईनं बनवलंय म्हणून!" कॉलर ताठ. मी म्हटलं, अरे, कमी सांग.

शुक्रवार, ७ मार्च

ॲप म्हणजे काय तर आधीचा कागद. शिफ्ट सुरू करण्याआधी मशीनचे चौदा मुद्दे तपासायचे — तेल, बोल्ट, सेन्सर वगैरे — आणि टिक करायची. कागदावर लोक सगळीकडे डोळे झाकून टिक करायचे. म्हणून ॲप आणलं. आज धम्माच्या कंपनीचा फोन: चौदा टिका करण्यात फार वेळ जातो. एक बटण द्या — "सगळं ओके".

दिलं! अकरा मिनिटांत. हिरवं, गोल, गुबगुबीत. कागदावर निदान चौदा वेळा खोटं बोलावं लागायचं. आम्ही ते एकावर आणलं. याला प्रगती म्हणतात.

खाली "शेरा" म्हणून एक चौकोनही हवा होता. कामगाराला काही सांगायचं असेल तर लिहायला. मी विचारलं, हे कुणाला दिसणार? रिपोर्टमध्ये घेऊ? गणराज सर म्हणाले, "रिपोर्ट साहेब लोक बघतात, कशाला गर्दी? चौकोन असू दे. लिहिलं की माणसाला बरं वाटतं." तर चौकोन आहे. लिहिलेलं आमच्याकडे साठत राहील. वाचणार कोणीच नाही. आमच्या सोसायटीच्या तक्रारपेटीसारखं — तिच्यात चिमणीनं घरटं केलंय.

सोमवार, १० मार्च

ॲप लागलं. धम्माचा दुपारी फोन, मागे मशीनचा दणदणाट. "ताई, भारी चालतंय! एक सांग, ते शेऱ्यात लिहिलेलं कोण वाचतं?"

मीटिंग चालू होती. "वाचतो की आम्ही," म्हटलं आणि ठेवला.

शुक्रवार, १४ मार्च

आज ऑफिसला येताना नकाशाच्या ॲपनं रिक्षा एका गोठ्यात नेली. शब्दशः! समोर सात म्हशी. गोठ्यावाले आजोबा सवयीनं उठून आले. "हा रस्ता न्हाई. तुमचा फोन सांगतो, व्हय? रोज दोघं-तिघं येत्यात." त्यांनी पत्र्यावर चुन्यानं पाटीही लावलीय: नकाशा चुकीचा आहे, पुढे म्हशी आहेत.

"पाटी वाचून लोक मागं फिरत नाहीत का?" मी विचारलं.

"न्हाई ना. पाटी वाचत्यात, फोन बघत्यात, अन् फुडं येत्यात."

मीही वाचली होती. मीही पुढे आलेच की.

मंगळवार, १८ मार्च

कंपनीनं नवीन मागणी केली होती — कुणाचं मशीन किती वाजता सुरू होतं त्याची यादी, आणि उशीर करणारे लाल रंगात. गेल्या आठवड्यात करून दिली, ॲप लागलं त्या दिवसापासूनची. लाल रंग मीच निवडला. जरा डोळ्यांत भरणारा.

आज धम्मा घरी आला. चहाही घेतला नाही. मग म्हणाला, "ताई, तो लाल रंग तुझा का?"

रोज चार मिनिटं उशीर. आठ दिवस सलग लाल. अख्ख्या शेडमध्ये तो एकटाच काठी दाखवतो ना! सुपरवायझर म्हणाला म्हणे, "भावा, पत्राच्या यादीत नाव आहे तुझं. कशाला लाल होतोस? ॲप ओके म्हणतंय, तू कोण मोठा?"

मागणी त्यांची होती. रंग माझा.

गुरुवार, २० मार्च

आज मुद्दाम रजा टाकली. जेवताना विषय निघालाच. बाबांचं एकच — काठी सोडायची नाही. "माझं बोट गेलं तेव्हा दिवा हिरवाच होता."

मी म्हटलं, बाबा, ते जुनं मशीन. हा सेन्सर नवा आहे, बिघडला तर मशीन आपोआप बंदच होतं. हे मी म्हटलं! पितळी कुलूपवाली! लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला टिकली चिकटवून ठेवणारी! सेन्सरच्या कंपनीची माहितीची पानं काल वाचली होती, तीही अर्धी. पण आईचा चेहरा समोर होता आणि एप्रिल दहा-बारा दिवसांवर.

"पत्र हातात पडेपर्यंत राहू दे काठी," मी धम्माला म्हटलं. "नंतर दाखव हवी तेवढी."

तो बाबांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर ठीक. तुला त्यातलं कळतं."

बाबा ताटावरून उठले. भात तसाच.

मंगळवार, २५ मार्च

धम्मा हिरवा! पाच दिवस सलग. यादीत नाव पाहून मला आनंद झाला. स्वतःच रंगवलेल्या चौकोनाचा आनंद! गणराज सरांच्या घड्याळाला मी कोणत्या तोंडानं हसते कोण जाणे.

शनिवार, २९ मार्च

धम्मा चिडचिडा झालाय. विचारलं तर, "काही नाही, काम आहे." जाताना दारात थांबला. "तुमच्याकडे सगळं दिसतं ना गं, आम्ही भरतो ते?"

"दिसतं रे बाबा, सगळं दिसतं." मी केस विंचरत होते. नंतर विचारू म्हटलं, राहून गेलं.

बुधवार, २ एप्रिल

धम्माचा हात. प्रेस थांबली नाही. मधलं बोट, दोन पेरं.

हॉस्पिटलमध्ये आहोत.

गुरुवार, ३ एप्रिल

आज त्याची सुट्टी असते.

डॉक्टर म्हणाले, बाकीची बोटं वाचली हे नशीब. आई नशिबाला काय काय म्हणाली ते लिहीत नाही. बाबा पलंगाशी बसून होते, स्वतःचा अर्ध्या बोटाचा हात त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताखाली धरून. माझ्यावर एकदा तरी ओरडले असते!

धम्मा गुंगीत होता. उठला तेव्हा माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. "पत्राचं काय होईल गं?" मी बाहेर जाऊन रडले.

शुक्रवार, ४ एप्रिल

ऑफिस. गणराज सर दारातच भेटले, आवाज खाली. "भावाचं ऐकलं. वाईट झालं." मग लगेच — "पण आपल्यावर काही येत नाही. ॲपमध्ये क्लिअर आहे."

क्लिअर काय, तर त्या दिवशी सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी धम्मरत्न जयसिंग याने चौदाही मुद्दे तपासून ओके केले. सेन्सरसुद्धा. म्हणजे बिघाड असता तर त्यानं सांगितलं असतं. सांगितलं नाही, म्हणजे चूक त्याची. कंपनी चौकशी लावतेय. पत्र थांबवलंय. सोमवारपर्यंत त्यांना त्याचा महिनाभराचा रिपोर्ट हवाय, खाली आमच्या सहीसकट: ही नोंद विश्वासार्ह आहे.

सही कुणाची? ज्यानं ॲप लिहिलं त्याची.

"फक्त प्रिंट काढ आणि सही कर," सर म्हणाले. "तू भावनेत जाऊ नकोस."

महिनाभर या वहीत जगाला हसतेय मी. कुलपाला, घड्याळाला, म्हशीपर्यंत जाणाऱ्यांना. आणि माझ्याच हिरव्या बटणानं माझ्या भावाला खोटं पाडलं.

शनिवार, ५ एप्रिल

सही करण्याआधी नुसता रिपोर्ट नाही, आमच्याकडे साठलेला मूळ तक्ता उघडला. त्यात शेऱ्याचा रकाना आहे. तो मी आज पहिल्यांदा पाहिला. आता रिपोर्टमध्ये घातलाय, पहिल्या पानावर, आणि सही त्याच्याच खाली करणार आहे. पूर्ण शेडमध्ये एकाच माणसानं शेरे लिहिलेत.

२४ मार्च — जेवणाच्या सुट्टीत काठी दाखवली. प्रेस एकदा उशिरा थांबली. बघावे.

२५ मार्च — आज दोनदा. बघावे.

२६ मार्च — सुपरवायझरला सांगितले. म्हणाले, ॲपमध्ये लिही. लिहितो आहे.

२८ मार्च — अजून कोणी आले नाही.

२९ मार्च — ताई म्हणाली, सगळे दिसते.

३१ मार्च — तीनपैकी एकदाच थांबली.

१ एप्रिल — ताई, हे तुझ्यासाठी आहे. घरी बोललो तर बाबा परत चिडतील.

२ एप्रिल — ताई वाचते आहे, म्हणून मशीन चालू करतो.