भिंतीवरच्या पाच लाल बाटल्या

कोहमारा,
१ जून २००८

तीर्थस्वरूप मामांना रंजिताचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? भिलाईतही इथल्यासारखंच ऊन तापत असेल, दुपारी बाहेर पडू नका. आणि दारातली कुत्री काय म्हणतात? (हे मुद्दाम विचारते आहे, पुढे कळेलच.) चार वेळा फोन केला. चारही वेळा मामींनी उचलला आणि मामा बाजारात गेलेत म्हणाल्या. सकाळी सात वाजता कसला हो बाजार भरतो तुमच्याकडे? म्हणून शेवटी हे पत्र.

बुद्धपौर्णिमेला तुम्ही विचारलंत, पोरी, तू नेमकी काय करून राहिली? तेव्हा आमच्या अंगणात पंगत बसली होती आणि माझ्या हातात भाजीची बादली होती, म्हणून नीट सांगता आलं नाही. तर ऐका. बोदलकस्याच्या तलावातल्या चिखलात एक जिवाणू राहतो. त्याला हवा नको, उजेड पाहिजे. त्याच्या अंगात एक प्रथिन असतं, ते उजेड पकडून त्याची वीज करतं आणि त्यावर हा प्राणी जगतो. ते प्रथिन काढायचं, धातूचा थर दिलेल्या काचपट्टीवर पसरायचं, पट्टीला तार जोडायची आणि वरून दिवा धरायचा, की तारेत वीज आली पाहिजे. एवढीच माझी पीएच.डी. (आई म्हणाली, दिवा लावून वीज काढतेस, तर त्या दिव्याला वीज कुठून आणतेस? आमच्या सरांनीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं, फक्त इंग्रजीत.)

नागपूरच्या प्रयोगशाळेत हे जिवाणू बल्बखाली वाढवत होते. मार्चमध्ये लोडशेडिंग वाढलं आणि वीज तयार करणारे माझे जीव वीज नाही म्हणून मेले. मी पोटभर रडले. मग नाक पुसून बोदलकस्याला गेले, गुडघाभर चिखलात उतरले आणि ठरवलं, आता बल्बचे उपकार नकोत, आपल्या घरच्या उन्हात वाढवायचे. काचेच्या पाच बाटल्या त्या चिखलपाण्याने तोंडापर्यंत भरल्या, झाकणं घट्ट लावली आणि घराच्या कुंपणाच्या भिंतीवर ओळीने मांडल्या. महिन्याभरात पाणी असं लालजांभळं झालं की मी आईला धरून नाचले! बुद्धपौर्णिमेची पंगत उठल्यावर तिला लक्ष ठेवायला सांगून दोन दिवस नागपूरला गेले. परत येऊन पाहते तर भिंत रिकामी.

आता लाल पाण्याची बाटली दाराशी ठेवली की कुत्रं तिथे पाय वर करत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. शेजारच्या पुष्पाबाईंना वाटलं, शिकलेल्या पोरीने मोहल्ल्यासाठी काहीतरी चांगलं केलं. त्यांनी दोन नेल्या, एक पुढच्या दाराला, एक मागच्या. मागायला गेले तर, "काऊन वो, ठेवलेली वस्तू परत मागतेस? कुत्रे तं येऊनच नाही राहिले!" मी म्हटलं, बाई, त्यात जीव आहेत. त्यांनी कोणते जीव म्हणून दोन्ही झाकणं उघडली, वास नाकात गेला आणि दोन्ही बाटल्या नालीत रिकाम्या झाल्या. तिसरी खुद्द आईने. चिखलाचा वास मारते म्हणून घासून लख्ख केली आणि तिच्यात जवसाचं तेल भरलं. घर तिचं, तेल तिचं.

चौथी निघाली चौकातल्या केशोरावच्या ढाब्यावर, गल्ल्याशेजारी. तिथे जनरेटर, म्हणजे उजेड कधी जातच नाही. माझ्या सगळ्या बाटल्यांत तीच गडद झालेली! केशोराव देईना. ट्रकवाले खूश आहेत म्हणे, कुत्री टायरकडे फिरकत नाहीत. मग मी दुपारभर समोरच्या बाजेवर बसून राहिले आणि जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला या बाटलीत किती कोटी जिवाणू आहेत ते समजावून सांगितलं. चौथं गिऱ्हाईक ताट सोडून उठलं तेव्हा केशोरावने बाटली स्वतःच्या हाताने आणून दिली, वर हात जोडले.

मामा, त्या बाटलीतलं प्रथिन पट्टीवर चढलं! दिवा लावला की मीटरचा काटा वर, विझवला की खाली. सात वेळा करून पाहिलं. वीज एवढीशी की मुंगीलाही झटका बसू नये, पण आली. सर म्हणाले, एकाच बाटलीवर आलं ते खरं नाही, दिव्याच्या उष्णतेनेही काटा हलू शकतो. सोमवारी, नऊ तारखेला, समितीसमोर पुन्हा करून दाखव. नाही जमलं तर विषय बदल, धानाच्या बांधावरचं तण हा विषय मोकळा आहे. तणाला मी नावं ठेवत नाही, पण मी बदलणार नाही. मी सहावीत असताना तुम्ही मला एक सेल आणि एक तार देऊन टॉर्चचा बल्ब पेटवायला लावला होता. बल्ब पेटला आणि तुम्ही टाळी वाजवली. तेव्हापासून मला दुसरं काही करावंसंच वाटलं नाही. पण चौथी बाटली त्या सात वेळांत संपली आणि नवा चिखल लाल व्हायला महिना लागतो.

आई तुमची आठवण काढते. माझा हट्ट होता तसाच आहे.

तुमची भाची,
रंजिता

ता. क. बाटल्या पाच होत्या. पाचवी बुद्धपौर्णिमेला तुमच्या पिशवीत होती, टॉवेलात गुंडाळलेली. आईने पाहिलं होतं, पण भाऊ म्हणून बारा दिवस तोंड उघडलं नाही. मी रागावलेली नाही. (रागावलेली आहे.)

आणखी एक. पत्र घेऊन आलेला जागेश्वर केशोरावच्या ढाब्यावरचा ट्रकवाला आहे. बाटली हातात पडल्याशिवाय तुमच्या दारातून ट्रक हलवायचा नाही, असं त्याला बजावलं आहे. मामा बाजारात असतील तर तो थांबेल. तोवर चहा द्या. बाटली समोरच्या काचेशी उन्हात ठेवायची, हे त्याला शिकवलं आहे. तुमच्या कुत्र्यांसाठी त्याच्याजवळ रंगाच्या पाण्याची बाटली दिली आहे, कुत्र्यांना फरक कळत नाही.

शेवटचं. पाणी फिकट झालं असेल तरी पाठवा, तळाशी बोटभर लाली असली तरी मी जगवीन. बाटली आली तर सोमवारी तुम्हीही नागपूरला या. सात वेळा दिवा मी लावला, आठव्यांदा तुम्ही लावायचा आहे. नाही आली, तर मीच भिलाईला येते. आईला घेऊन.