झाकणाच्या आतली सही

४ जून

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडायचं त्राण मला उरलेलं नाही, म्हणून पत्र. माझा कॉम्प्युटर हल्ली दर अर्ध्या तासाला मान टाकतो. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल टाइप करायचे, तर निम्मा अहवाल गायब. दोनदा काम उशिरा गेलं. वरच्या बाईंनी बजावलंय की एक तारखेपर्यंत धड मशिन नसेल तर माझं काम दुसरीला देतील. म्हणून दुकानातून सरळ तयार कॉम्प्युटर आणते. बटण दाबलं की सुरू व्हावा, एवढीच अपेक्षा आहे. तुम्ही नाक मुरडाल. मुरडा.

तयार माल घेणाऱ्या मुलीवरही लोभ असू द्या.
आपली ठकू

९ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

नाक मुरडून झालं, आता ऐक. तयार खोक्यात कोणी काय कोंबलंय ते आपल्याला कळत नाही. सुटे भाग आणून जोडलं तर जे बिघडेल तेवढंच बदलता येतं. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीने सीलबंद डबा आणावा, हे बरं दिसत नाही. शिवाय तुझी आई गेल्यापासून माझ्या टेबलावर नुसतं वर्तमानपत्र पडलेलं असतं. भाग मागवले आहेत. पंचवीसपर्यंत मशिन पोचतं करतो, तोवर दम धर.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, घाई करू नये.
तुझा आप्पा

१७ जून

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

दम धरला आहे. दुकानात गेले नाही. शेजारच्या शिवणक्लासवाल्या बाई दुपारी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसू देतात, पण टेबल इतकं उंच की मान आखडली. कुठवर आलं?

थकलेल्या लेकीवर लोभ असावा.
ठकू

२० जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पंखा चुकीचा आला होता, तो परत पाठवला. बाकी सगळं झोकात. मानेला शेक दे. लोभ आहे तो उशिरासकट गोड मानून घे.

आप्पा

२८ जून

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

मशिन पंचवीसला पोचलं, पहिल्या बटणाला सुरू झालं. काम वेळेत गेलं आणि राहिलंही. काल सवयीने झाकण उघडलं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक रेडिओत तुम्ही आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख घालून सही करता, ती बघायची होती. सही नाही. बाहेरचं कंपनीचं नाव खरवडलेलं आणि आत दुकानाची पट्टी शाबूत, तेवीस जूनची. आप्पा, दुकानातूनच आणायचं होतं तर मी चार तारखेलाच आणत होते. दोन आठवडे मान वाकडी करून बसले, ते कशासाठी? मला राग आला आहे आणि तो लिहूनही जात नाही.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.
ठकू

३ जुलै

चि. ठकूस,
अ. उ. आ.

रेडिओचा व्हॉल्व्ह अंगठ्याने हलवत दाबावा लागतो, तेव्हाच तो बसतो. कॉम्प्युटरचा प्रोसेसर दाबायचा नसतो, अलगद ठेवायचा असतो. मी वाचलं होतं, पण अंगठ्याने वाचलं नव्हतं. खालच्या केसासारख्या पिना वाकल्या. भिंग लावून चिमट्याने सरळ करायला गेलो, तर हात थरथरतो, आणखी वाकल्या. हे बारा तारखेलाच झालं. पंख्याची गोष्ट खोटी. खरं लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, आप्पा, आता राहू द्या. मग टेबलावर पुन्हा वर्तमानपत्रच.

पत्रात खोटं लिहिता आलं. झाकणावर पेन्सिलही टेकवली होती, पण काम माझं नव्हतं. सही झाली नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
आप्पा

८ जुलै

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

राग आहे, पण आता शिळा झालाय. सोबत जुना कॉम्प्युटर पाठवते आहे. तो दर अर्ध्या तासाला का मान टाकतो ते शोधा. या कामाला तारीख नाही. हात थरथरला तर थांबा, चहा घ्या, पुन्हा बसा. टेबलावरचं वर्तमानपत्र मात्र आधी उचला.

झाकण आतून पुसून ठेवलं आहे. लोभ असावा, आणि पंख्याचं काही असेल तर या खेपेला खरं कळवावं.

आपली ठकू