आवरणाऱ्या पेशी

कंपाउंडरकाका, तुम्हाला जाऊन तीस वर्षं तरी झाली असतील, आणि मी इथे टेक्सासात, मुलाच्या घरात, खिडकीशी बसून तुमच्यावर चिडलोय. मी सातवी शिकलेला. दवाखान्यात बाटल्या धुता धुता जे कळलं ते तुमच्याकडून. माझा दमा उसळला की तुम्ही डॉक्टरांच्या कपाटातून ती बारीक पांढरी गोळी काढून माझ्या हातावर ठेवायचात. दिवस मावळेपर्यंत छाती मोकळी. एकदा मी डॉक्टरांसमोर तिचं नाव काढलं, तर मागच्या खोलीत नेऊन कान पिरगाळलात. "शहाण्या, डॉक्टरला सगळं सांगायचं नसतं. बरं वाटतंय ना? मग गप्प बस." मी बसलो. पुढे तुमचा चेहरा भाकरीसारखा गोल झाला. आम्ही म्हणायचो, काकांना दवाखान्याचं पाणी मानवलं. तो गोल चेहरा त्या गोळीनंच होतो; तुम्हीही तीच खात होतात, हे आत्ता कळतंय.

इथे आलो तरी ती सुटली नाही. भारतातून कुणी येणार असलं की मेतकुटाच्या डब्यातून पट्ट्या मागवायच्या. या उन्हाळ्यात पोट दुखायला लागलं, मग खोकल्यातून रक्त. शुगर लँड या इथल्या गावच्या इस्पितळात डॉक्टरीण नागपूरची निघाली. "काका, इंडियातून काही गोळ्या आणल्यात? चूर्ण, काढा, काहीही. मी रागावणार नाही." मी म्हणतो, "छे हो." सून शेजारीच उभी आहे. संध्याकाळी तीच माझ्या बॅगेतल्या पट्ट्या आणून पलंगावर ओतते. "बाबा, मला तरी सांगायचं होतंत."

त्या पट्ट्या पाहून डॉक्टरीण खुर्ची ओढून बसली. कफात जंत सापडले होते, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. लहानपणी भातलावणीच्या चिखलात अनवाणी हिंडलो, तेव्हा तळव्यातून शिरलेले. "इतकी वर्षं? आणि मला पत्ता नाही?" ती म्हणाली, शरीरात लढणाऱ्या पेशी असतात तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात, नाहीतर शरीर स्वतःवरच उठेल. हे जंत त्या आवरणाऱ्यांनाच हाताशी धरतात, असं दिसतं. म्हणून फारसा त्रास नाही. तरी लढणाऱ्या थोड्याफार जाग्या होत्या, जंतांना वाढू देत नव्हत्या. माझी गोळी स्टेरॉइडची; तिनं त्यांचेही हात बांधले आणि जंत आतड्यातून फुप्फुसापर्यंत मोकाट सुटले. "अजून दोन दिवस थांबला असतात ना काका, तर माझ्या हातात काही नव्हतं."

माझेच राखणदार जंतांना सामील, आणि वर तुमची गोळी. दुसऱ्या कुणी दिली असती तर मी विचारून घेतली असती. तुमच्यापुढे नुसता हात पसरला. तुम्हाला ठाऊक होतं का? शेवटी त्याच गोळीपायी तुम्हाला दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढवत नव्हत्या. ठाऊक नसावं. पण मग मला गप्प का बसवलंत?

जंतांवर औषध झालं, पण गोळी एकदम बंद करता येत नाही म्हणे. सून रोज मोजून देते, दर आठवड्याला थोडी कमी. आज तपासणीला डॉक्टरीण म्हणाली, "काका, आता कुठे लपवलेली नाही ना?" सून हसली. मीही हसलो. "छे हो."

हा कागद कुठे पाठवणार? घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवतोय. डबी नीट मिटत नाही. आत एक पट्टी आहे. सकाळी छाती भरली तेव्हा तिच्यातली एक घेतली.