निळा कोट, पिवळा कोट

प्रिय बारके,

डाव्या हाताने कागद धरायला जमत नसेल तर जावईबापूंकडून वाचून घे, पण वॉर्डातल्या नर्सबाईंकडून नको. तुझी लेक माझ्याकडे मजेत आहे. जेवते, भांडते, तुझ्यासारखीच माझ्या वेणीला लटकते. आई कधी येणार, एवढं मात्र विचारत नाही. तुझा पिवळा कोट अजून माझ्याच खुंटीवर आहे.

युक्ती माझीच होती, गं. खोकी कापायच्या प्रेसवर आपण दोघी, काम तेच, पण मी निळ्या कोटातली कायम आणि तू पिवळ्या कोटातली ठेकेदाराची. आठ तासांनंतर मला दुप्पट मजुरी, तुला तोच साधा दर, तोही ठेकेदाराच्या मनात आलं तर. तुला खोलीचं डिपॉझिट भरायचं होतं. म्हणून सहाला तू तुझं कार्ड पंच करायचीस, मग माझा निळा कोट चढवून माझ्या कार्डावर थांबायचीस, ती दुप्पट मजुरी तुझी. मी पिवळ्या कोटात घरी, पोरांकडे. निळा मलाच शोभतो, म्हणत आरशात बघून किती मिरवलीस.

गुरुवारी सात चाळीसला तुझी दोन बोटं गेली. कार्डाप्रमाणे तू सहालाच घरी गेली होतीस आणि प्रेसवर मी होते. ठेकेदार म्हणतो, बाईला घरी लागलं. आणि तूही म्हणालीस, हो, दारात बोटं सापडली. माझी नोकरी राहावी म्हणून इतकं खोटं बोललीस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय माझं. सुपरवायझर दिसला की हात खिशात जातात.

आज साहेबांनी सहीसाठी कागद दिला. प्रेसवर मीच होते आणि मला किरकोळ खरचटलं, असं त्यात लिहिलंय. सही केली तर मी कायम राहीन, तुला मात्र औषधालाही काही मिळणार नाही. नाही केली तर नोकरी जाईल, वर फसवणुकीची केस होईल. माझी पाचावर धारण बसली आहे, बारके, खोटं कशाला सांगू. हे पत्र एवढ्यासाठीच, की उद्या दुपारी चौकशीची माणसं तुझ्याकडे येतील, त्यांना दाराची गोष्ट सांगू नकोस. त्याआधी, सकाळी नऊला, मी सही न केलेल्या त्या कागदाशेजारी साहेबांच्या टेबलावर माझे दोन्ही हात ठेवणार आहे. दहाही बोटं. कुठे खरचटलंय, ते त्यांनीच दाखवावं.

तुझीच घाबरट
ताई