ब्रेक ऑइलचा नवा डबा

अहो,
जीपची किल्ली घेऊन मी एसटीनं रोह्याला गेलेय, शोधत बसू नका.

ब्रेक ऑइलचे रिकामे डबे तुम्ही घरी आणता, त्यांत मी अबोली लावते. आज पाणी घालताना त्यांवरच्या छापील किमती वाचल्या. दर दोन वर्षांनी दिवाळीत तुम्ही ऑइल बदलता. एक्क्याण्णवचा बत्तीस रुपये, त्र्याण्णवचा सेहेचाळीस, पंच्याण्णवचा साठ. यंदा सत्त्याण्णवचा डबाच आला नाय. मग या दिवाळीत ब्रेकमध्ये ओतलंत काय? इंजिनाचं उरलेलं ऑइल? त्यानं ब्रेक निकामी होतात! महागाई म्हणून शाळेच्या पोरांचं भाडं तेवढं वाढवलंत!

काळुराम मेकॅनिकला घेऊनच येते. तोवर पोरांना सांगा, आज चालत जा.

आपल्या नम्रताला महिनाभर तुम्ही चालतच पाठवताय, व्यायाम होतो म्हणून. ते का, आज कळलं.

रोहिणी