फॉर्म बिघडल्याची तक्रार

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (छोटी मांडीवर आहे, त्यामुळे तूर्त आठांपैकी एक हात आणि वाकलेली मान एवढंच पोचतंय, बाकीची अंगं ती झोपली की.) तुझे गुडघे कसे आहेत? डोळे? आतोबांचा खोकला? इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय, कारण पाटीवर अक्षरं गिरवून घेताना नियम तूच घालून दिलास: उत्तर येत नसेल तर जागा रिकामी सोड, पण खोटं लिहू नकोस. तेव्हा ठीक म्हणजे छोटी साडेचार महिन्यांची झाली, पोटभर पिते, वजन वाढतंय. ही तिची बाजू. माझी बाजू एवढीच, की डोळ्यांतून सारखं पाणी येतं.

बाळंतपणाची रजा संपल्यावर मी घरूनच काम सुरू केलं. आमचं ऑफिस आरोग्याची माहितीपत्रकं काढतं आणि मी ती तपासते. पहिलंच पत्रक आलं ते कॉम्प्युटरमुळे डोळ्यांवर येणाऱ्या ताणाचं. वाचून माझा जीव भांड्यात पडला. चुरचुर, पाणी, डोकेदुखी, सगळं माझंच! (सासूबाईंनाही बरं वाटलं. रडकी सून म्हणण्यापेक्षा कॉम्प्युटरवाली सून म्हणणं बरं.) त्यात लिहिलं होतं, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा. मी शिवणाच्या टेपने खोली मोजली, ती भरली अकरा फूट. वीस फुटांवर नेमकी समोरच्या बाईंची स्वयंपाकाची खिडकी. मी नियम म्हणजे नियम पाळला. तिसऱ्या दिवशी त्या बाईंनी पडदा लावला, मग मी पडद्याकडे बघू लागले. पाचव्या दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या, ‘‘भाजीत मीठ कमी पडतंय का हो? नाही, लक्ष असतं तुमचं, म्हणून विचारलं.’’

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, म्हणाले डोळे कोरडे पडलेत, पापण्या लववत जा, स्क्रीन जरा खाली ठेवा. थेंबही दिले. मग विचारलं, सुट्टीच्या दिवशी पाणी येतं का? मी खरं सांगितलं, की रविवारी जास्तच येतं, छोटीला आंघोळ घालताना तर फारच. ते म्हणाले, मग सगळा दोष कॉम्प्युटरवर घालू नका. मला रागच आला. फी घेऊन कॉम्प्युटरची बाजू घ्यायची म्हणजे काय!

दुसरं काम आलं ते बाळंतपणानंतर आईच्या मनाला होणाऱ्या आजाराचं. यात पत्रक नव्हतं, कॉम्प्युटरवर भरायचा दहा प्रश्नांचा फॉर्म होता. मनाला येतील ती उत्तरं भरून तो चालतो का, एवढंच मी बघायचं होतं. पण मनाला येतील ती म्हणजे खोटी, आणि तुझी पाटी आडवी आली. म्हणून मी माझीच भरली. चौथा प्रश्न होता, बाळाला उचलून घेताना आनंद होतो का? मी तुझ्या नियमाप्रमाणे जागा रिकामी सोडली, तर फॉर्म पुढे सरकेना. तेव्हा तेही उत्तर भरलं. खाली अक्षरं उमटली, ‘कृपया लवकर डॉक्टरांना भेटा.’

मी लगेच तक्रार नोंदवली, की फॉर्म बिघडलाय. आमचा फॉर्म बनवणारा (सगळे त्याला दुरुस्तीदादा म्हणतात) मिशीला पीळ देत स्वतः नवी आई होऊन फॉर्म भरून बसला. त्याला ‘आपली तब्येत उत्तम आहे’ असं आलं. मी पुन्हा भरला, पुन्हा डॉक्टर. मी कडक शब्दांत लिहिलं, हा फॉर्म दिसेल त्या बाईला डॉक्टरकडे पाठवतो, लोक घाबरतील. त्याने बिचाऱ्याने बायकोकडून, वहिनीकडून भरून घेतला. दोघी उत्तम. तिसऱ्या तक्रारीवर त्याचं उत्तर आलं: ‘‘दोष आढळला नाही. ताई, तुम्ही कशा आहात?’’

आत्या, साडेचार महिन्यांत सगळ्यांनी विचारलं, बाळ कसं आहे. मी कशी आहे, हे विचारणारा तो पहिला.

बाकी क्षेम. आतोबांना नमस्कार.

तुझी पाटीवाली

ता. क. काळजी करू नकोस. थेंबांनी चुरचुर कमी झाली आहे.

ता. क. २ गुरुवारी अकरा वाजता मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. घरी सांगितलंय, डोळ्यांकडे जाते. पाटी सुटल्यापासून हे माझं पहिलं खोटं, आणि ते मला पेलवत नाही. तू येशील का? छोटीला घ्यायला नव्हे, तिच्या बाबांना ती पेलते. माझ्या शेजारी बसायला. म्हणजे घरी खरं सांगायलाही बळ येईल.

ता. क. ३ तुला मुलगा झाला तेव्हा तू चार महिने आमच्याकडे पडदे ओढून होतीस, आणि आजी येईल त्याला सांगायची, तिचे डोळे आलेत. तेव्हा तर कॉम्प्युटर नव्हता. खरंच डोळे होते का गं? सांगायचं नसेल तर जागा रिकामी सोड. पण ये.