आमचा ढ

४ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. अप्पांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मला शेजारीण समजतात. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या हातानं आता चमचाही धरवत नाही. दिवसभर तुझीच चौकशी. ढ कुठंय, ढ जेवला का. एकदा येऊन जा रे.

तो शब्द ऐकला की तुझं डोकं फिरतं, ठाऊक आहे. पण तुझ्या भाचीच्या मैत्रिणींनी मोबाइलवरच्या गटाचं नाव ‘ढ मंडळी’ ठेवलंय, आणि नापास होणारीला त्यात जास्त मान. तिचे सर म्हणे सांगतात, जुन्या लिपीतली सगळी अक्षरं बदलली, ढ तेवढं होतं तसंच राहिलं, म्हणून पुढे न सरकणारा तो ढ. खरंखोटं सरच जाणोत.

तुझी वाट बघणारी,
ताई

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाचीला मजा वाटते, कारण तिला कुणी गिऱ्हाइकांसमोर त्या नावाने हाक मारली नाही. सहावीत दोनदा नापास झालो आणि घरात माझं नावच संपलं. अप्पांचे रंग कालवत बसायचो, तर पाटी न्यायला आलेला दुकानदारही विचारायचा, काय ढ, वडील कुठेत? आज छापखान्यात माझ्या हाताखाली माणसं आहेत, तरी मागून कुणी हसलं की कान तापतात. अप्पांनी एकदा मला नावाने हाक मारावी. त्याच दिवशी निघतो.

लोभ आहे, तो राहू दे.

तुझा,
भाऊ

२० जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

हट्टी तो हट्टीच. रोज अंघोळ घालताना अप्पांकडून तुझं नाव घोकून घेते. आज न अडखळता म्हणाले, आणि वर चहात जास्त साखर मागितली. आता सबब चालायची नाही. शनिवारी मी औषधं आणायला जाते, तेव्हा त्यांच्यापाशी कुणीतरी हवंच असतं.

तुझी,
ताई

२८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू औषधं घेऊन येईपर्यंत थांबलो नाही. रागावू नकोस, तुझ्यासमोर रडायचं नव्हतं.

मला बघताच अप्पांनी माझं नाव घेतलं. स्वच्छ, आडनावासकट. मी पाया पडायला वाकलो. तेवढ्यात म्हणाले, बसा. आमचा ढ शाळेतून आला की चहा सांगतो.

मी म्हटलं, अप्पा, मीच तो. त्यांनी मला न्याहाळलं आणि हसले. तो एवढासा आहे, म्हणाले. मग मला जवळ बोलावून हळूच सांगितलं की पोरगं अभ्यासात ढ, पण ब्रश धरतं तेव्हा माझा हात त्याच्यापुढे काहीच नाही. तुम्ही मात्र त्याला सांगू नका, डोक्यावर बसेल.

नाही सांगत, म्हणालो.

तब्येतीला जप. माया पातळ करू नकोस.

तुझा,
भाऊ